खेळावर पोट भरते काय?

"आरं, खेळून कुणाचं प्वाट भरलंय?"

हा प्रश्न आमच्या आण्णांचा. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत विद्यापीठाच्या झोनल बास्केटबॉल स्पर्धा आटोपून मी घरी आलो, तेव्हा माझ्या हातात एक लहानसा चषक, उजव्या गुडघ्याला पट्टी आणि डोक्यात एक बेत होता. बेत असा की, बी. ए.चे दुसरे वर्ष अर्धवट सोडावे, पुण्याला जावे, एखाद्या क्लबात सराव करावा आणि धंदेवाईक बास्केटबॉलपटू व्हावे. सहा फूट दोन इंच उंची मला आज्जाकडून मिळाली आहे. ती परमेश्वराने काही उसात उभे राहण्यासाठी दिली नसावी, असा माझा समज होता.

आण्णा नुकतेच उसाला पाणी पाजून आले होते. पायावर पाणी घेता घेता त्यांनी माझे सारे बोलणे ऐकून घेतले आणि वर दिलेला एकच प्रश्न विचारला. मी गप्प झालो. सोप्यात आज्जा अडकित्त्याने सुपारी कातरीत बसला होता. त्याचे दोन्ही कान पैलवानाचे असतात तसे चुरगळून घट्ट झालेले आहेत. तो मान वर न करता म्हणाला,

"माझं भरलं हुतं की. तेरा वर्सं. मग न्हाई भरलं."

शिक्षणासाठी बापाशी झगडणाऱ्या मुलाची कहाणी आमच्या कागलच्याच आनंद यादवांनी 'झोंबी'मध्ये सांगितली आहे. माझी गत नेमकी उलटी. इथे बापाला मुलाने शिकायला हवे आहे आणि मुलाला शाळा सोडून खेळायला जायचे आहे! रागाच्या भरात मी ठरवले की, आण्णांच्या प्रश्नाचे उत्तर पुराव्यानिशी द्यायचे. सुट्टी संपल्यावर ग्रंथालयात बसलो, जुनी वर्तमानपत्रे चाळली, क्रीडाशिक्षकांना भंडावून सोडले, आज्जाला बोलते केले. त्यातून हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहे. माझ्यासारखा बेत मनात घेऊन फिरणारे आणखी चारदोघे या महाविद्यालयात असतील, त्यांना ते उपयोगी पडावे.

हौशी आणि धंदेवाईक

प्रथम शब्दांचा अर्थ लावू. जो आनंदासाठी खेळतो तो हौशी आणि जो खेळाचा मोबदला घेऊन त्यावर चरितार्थ चालवतो तो धंदेवाईक. आज आपण या दुसऱ्या वर्गाला 'व्यावसायिक' असा सुसंस्कृत शब्द वापरतो. 'धंदेवाईक' म्हटले की नाक मुरडायची सवय मात्र अजून गेलेली नाही. ही सवय आली कोठून, हे पाहू लागलो तेव्हा मला १९१२ हे साल सापडले.

त्या वर्षी स्टॉकहोम येथे ऑलिंपिक सामने झाले. अमेरिकेच्या जिम थॉर्प या खेळाडूने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशा दोन्ही स्पर्धांत सुवर्णपदके मिळवली. पुढच्याच वर्षी कोणीतरी शोधून काढले की, या गड्याने पूर्वी सुट्टीच्या दिवसांत किरकोळ मोबदला घेऊन बेसबॉल खेळला होता. झाले! तो धंदेवाईक ठरला आणि त्याची दोन्ही पदके काढून घेण्यात आली. ती परत देण्याचा निर्णय झाला तो १९८२ साली, थॉर्पच्या मृत्यूनंतर २९ वर्षांनी. खेळाचे पैसे घेणे हा तेव्हा गुन्हा होता. नियम करणारी मंडळी घरची सुखवस्तू होती. ज्याला पोटासाठी काम करावे लागत नाही त्यालाच निव्वळ हौसेखातर खेळणे परवडते, ही साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नसावी, अथवा आली असूनही सोयीची वाटली नसावी.

त्याच १९१२ साली इकडे कोल्हापुरात खासबाग मैदान उभे राहिले. ते उभारणारे राजर्षी शाहू महाराज. ते जन्माने आमच्या कागलच्या घाटगे घराण्यातले. २६ जून १८७४ रोजी जन्मलेले यशवंतराव १८८४ साली दत्तक जाऊन करवीरच्या गादीचे वारस झाले. १९०२ साली युरोपच्या प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले होते. तशा धर्तीवर, मध्ये खोलगट हौदा आणि सभोवार उतरत्या बैठका, असे मैदान त्यांनी बांधविले. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कुस्ती दिसावी अशी ही रचना आहे. महाराजांनी पंजाबपासूनचे मल्ल कोल्हापुरात आणले, त्यांच्या खुराकाची सोय लावली, तालमींना आश्रय दिला. मल्लाने कुस्तीवर जगणे यात कोल्हापूरला कधी कमीपणा वाटला नाही. तिकडे मोबदला घेतला म्हणून पदके जात होती आणि इकडे त्याच वर्षी मोबदला घेऊन लढणाऱ्यांसाठी राजा मैदान बांधीत होता!

तेव्हा 'धंदेवाईक खेळाडू' ही काही सातासमुद्रापलीकडून आलेली नवलाई नव्हे. आपल्या जिल्ह्यात ती शंभर वर्षांहून अधिक काळ नांदते आहे. मी आज्जाला तो या शब्दाचा नातू समजत होतो, पण तो तर या शब्दाचा आज्जाच निघाला.

आज्जाचा हिशेब

आज्जाची मांडणी अशी. गावच्या यात्रेत पहिली कुस्ती रेवड्यांवर होते, मग नारळावर, मग फेट्यावर. त्यात नाव झाले की रोख इनामाच्या कुस्त्या मिळू लागतात. जोडी ठरवायला गावोगावचे पंच येतात, वस्ताद बोलणी करतो. शेवटची नंबर एकची कुस्ती ज्याला मिळाली तो मोठा पैलवान. यात्रांचा हंगाम सुगीनंतर सुरू होतो आणि पाऊस पडेपर्यंत चालतो. तेवढ्या चारपाच महिन्यांत वर्षाची कमाई करायची.

आणि खर्च? पहाटे चारला उठून जोर आणि बैठका, मग लाल मातीत लढत, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा तालीम. ती मातीसुद्धा फुकट मिळत नाही. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून ती मळावी लागते. त्यावर खुराक : दूध, तूप, बदामाची थंडाई, अंडी, मटण. आज्जा म्हणाला, "इनामातलं निम्मं प्वाटात, निम्मं घरात. घरातलं लोकांस्नी दिसायचं न्हाई, प्वाटातलं दिसायचं."

त्याचा तेरा वर्षांचा हिशेब एका संध्याकाळी संपला. शेजारच्या गावच्या मैदानात उलटी टांग मारताना गुडघा फिरला. लोकांनी खांद्यावरून घरी आणले, चार दिवस भेटायला आले, पुढच्या वर्षी यात्रेला मानाचा नारळ दिला. त्याच्या पुढच्या वर्षी नारळही आला नाही. आज्जा त्यावेळी एकतीस वर्षांचा होता. "गुडघ्याला निवृत्तिवेतन नसतंय," असे मी म्हटले तेव्हा तो हसला. तो शब्द त्याला नवा होता, अर्थ मात्र जुना.

खाशाबांची गोष्ट

आज्जा हा गावचा पैलवान. त्याचे नाव कुठल्या पुस्तकात नाही. पण ज्यांचे नाव पुस्तकात आहे त्यांचे काय झाले, हे पाहण्यासाठी मी खाशाबा दादासाहेब जाधव यांचे चरित्र चाळले.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. वडील स्वतः पैलवान. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण झाले आणि पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. अंगाने ते काही धिप्पाड नव्हते, पण चपळ होते आणि 'ढाक' हा त्यांचा हुकमी डाव होता. १९४८ साली लंडन ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. आयुष्य मातीत गेलेले, गादीवरची कुस्ती आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम सगळेच अपरिचित, तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला.

आता पुढचा भाग वाचकांनी लक्षपूर्वक पाहावा. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. लोकशाहीच्या दृष्टीने ती इष्टच गोष्ट होती. परंतु पैलवानाच्या पाठीशी असलेला राजाचा खजिना त्या दिवशी संपला आणि त्याच्या जागी दुसरी कोणती व्यवस्था उभी राहिलेली नव्हती. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी निवडीपासूनच झगडा सुरू झाला. आधी त्यांना डावलण्यात आले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा लढत घेण्यात आली आणि ती जिंकून त्यांनी संघात जागा मिळवली. पण जाण्याचे पैसे? गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढली. खाशाबा दारोदार फिरले. अखेर राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. एका शिक्षकाने विद्यार्थ्याच्या खेळासाठी घर गहाण टाकावे, ही गोष्ट वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी उभे राहिले, हे येथे लिहायला मला संकोच वाटत नाही.

हेलसिंकीत बँटमवेट गटात त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेली लढत दीर्घ आणि दमवणारी होती. ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत रशियाच्या रशीद मम्मदबेयोव्ह यांच्याशी लढायला बोलावण्यात आले. दोन लढतींमध्ये अर्धा तास विश्रांती मिळण्याचा नियम होता, पण तो सांगून त्यांची बाजू मांडायला भारतीय पथकाचा कोणी अधिकारी तिथे हजर नव्हता, असे सांगतात. इशी यांना सुवर्ण, मम्मदबेयोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना ब्राँझ मिळाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडावे लागले. ते टेनिसमध्ये लिअँडर पेसने आणले. मधे ४४ वर्षे गेली.

कराडला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी काय केले? त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले आणि आलेल्या उत्पन्नातून खर्डेकर सरांचे घर सोडवले. ऑलिंपिकच्या पदकावर एक पैसाही मिळत नव्हता. मिळाला तो कोल्हापूरच्या जुन्या रिवाजाने, तिकीट काढून कुस्ती पाहणाऱ्या माणसांकडून. म्हणजे ज्या 'धंदेवाईक' रीतीला साहेबाने नावे ठेवली, तिनेच हौशी पदकवीराचे कर्ज फेडले!

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चे मेलबर्न ऑलिंपिक हुकले. सुमारे २७ वर्षे नोकरी करून ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले आणि अखेरचे दिवस ओढगस्तीचे गेले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल सामन्यांत कुस्तीच्या क्रीडागाराला त्यांचे नाव देण्यात आले. माणूस हयात असताना त्याला काय हवे होते, हे मात्र ते नाव वाचून कळत नाही.

बास्केटबॉलचे काय?

वाचक म्हणतील, हे कुस्तीचे पुराण झाले, तुझ्या बास्केटबॉलचे काय? तिकडेच वळतो.

हा खेळ १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने शोधून काढला. हिवाळ्यात मुलांना छपराखाली खेळता यावे म्हणून त्याने पीच फळांच्या दोन टोपल्या भिंतीला ठोकल्या. त्यावरून 'बास्केट' हे नाव पडले. वाय.एम.सी.ए. या संस्थेमार्फत तो आपल्या देशात आला. आज २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद मैदान, ३.०५ मीटर उंचीवर कडे आणि एका बाजूचे पाच खेळाडू, एवढ्यात तो बसतो.

अमेरिकेतील एन.बी.ए. ही धंदेवाईक बास्केटबॉलची सर्वांत मोठी संघटना. तीस संघ आहेत आणि प्रत्येक संघ बाद फेरीपूर्वी हंगामात ८२ सामने खेळतो. या खेळाडूंच्या संपत्तीची वर्णने आपण वाचतो आणि हरखून जातो. मला मात्र त्यांच्या इतिहासातली एक वेगळीच घटना मोलाची वाटली. १९६४ च्या जानेवारीत बोस्टन येथे निवडक खेळाडूंचा मोठा सामना होता आणि तो दूरचित्रवाणीवरून साऱ्या देशाला दाखवला जाणार होता. ऐन वेळी खेळाडू मैदानात उतरेनात. बिल रसेल, जेरी वेस्ट, एल्जिन बेलर यांच्यासारखे नामांकित खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलीत बसून राहिले. त्यांची प्रमुख मागणी होती निवृत्तिवेतनाची. संघटनेच्या अध्यक्षांनी शब्द दिला तेव्हाच ते खेळायला गेले. तोवर धंदेवाईक म्हणवणाऱ्या त्या खेळाडूंनाही उद्याची शाश्वती नव्हती. ती त्यांनी एकजुटीने मिळवली.

हे वाचले आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. धंदेवाईक खेळाडू तो नव्हे, ज्याला खेळाचे पैसे मिळतात. पैसे आमच्या आज्जालाही मिळत होते. ज्याच्या खेळामागे करार आहे, ज्याचा गुडघा गेला तर औषधाची सोय आहे आणि खेळ संपल्यानंतरच्या दिवसांची तरतूद आहे, तो खरा धंदेवाईक. बाकीचे सारे नशिबाचे प्रवासी.

आपल्या देशातून या वाटेने गेलेल्या एकाची हकिगत पाहण्यासारखी आहे. पंजाबातील बरनाळा जिल्ह्यातल्या बल्लोके या खेड्यात १९९५ साली सतनामसिंग जन्मला. घर शेतकऱ्याचे. उंची सात फूट दोन इंच. लुधियानाच्या अकादमीत तो घडला आणि २०१० साली अमेरिकेतील फ्लोरिडा येथे शिकायला व खेळायला गेला. २०१५ साली एन.बी.ए.च्या वार्षिक निवडीत डॅलस मॅव्हरिक्स या संघाने त्याला बावन्नाव्या क्रमांकावर निवडले. भारतात जन्मलेला असा तो पहिलाच खेळाडू. देशभर जयजयकार झाला. परंतु मुख्य संघाकडून त्याला एकही सामना खेळायला मिळाला नाही. दोन हंगाम तो त्यांच्या दुय्यम संघात होता. मग भारतात परतला, काही काळ कॅनडात खेळला, पुढे उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत दोषी ठरून दोन वर्षांची बंदी भोगली. त्यानंतर तो अमेरिकेत परतला तो ए.ई.डब्ल्यू. या कंपनीच्या करमणुकीच्या कुस्त्यांत उतरण्यासाठी!

हे मी आज्जाला सांगितले तेव्हा त्याने सुपारी बाजूला ठेवून गंभीरपणे विचारले, "ती कुस्ती खरी का ठरीव?" मी म्हणालो, ठरीव. आज्जा म्हणाला, "मग बरं हाय. गुडघा ऱ्हातोय."

सतनामला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. तो जेथवर पोचला तेथवर आपल्यातला कोणी पोचलेला नाही. पण सात फूट दोन इंच उंची, परदेशातले शिक्षण आणि देशभरचे कौतुक एवढे सारे असूनही बास्केटबॉलवरचे आयुष्य इतके डळमळीत असू शकते, ही गोष्ट सहा फूट दोन इंचाच्या माणसाने विसरू नये.

मग आपल्याकडे जे उत्तम बास्केटबॉल खेळतात ते जगतात कशावर? उत्तर आहे, नोकरीवर. राष्ट्रीय स्पर्धांतले बलाढ्य संघ पाहा : रेल्वे, सैन्यदले, ओ.एन.जी.सी., बँका. भारताचा कर्णधार राहिलेला विशेष भृगुवंशी हा ओ.एन.जी.सी.चा नोकर. त्याला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याच्या कितीतरी आधी, १९७० साली, मुंबईच्या नागपाड्यात घडलेल्या गुलाम अब्बास मुंतसिर यांनी या खेळातला अर्जुन पुरस्कार महाराष्ट्रात आणला होता. मधल्या काळात २०१५ साली निघालेली एक धंदेवाईक लीग दोनच वर्षे टिकली. २०२२ साली दुसरी सुरू झाली. वाट तयार होते आहे, पण अजून तिच्यावर डांबर पडलेले नाही.

आमच्या जिल्ह्यातले सर्वांत ताजे उदाहरण बास्केटबॉलचे नाही, नेमबाजीचे आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदक जिंकले. २०१५ पासून तो मध्य रेल्वेत नोकरीला होता. नेमबाजीसारखा महागडा खेळ शेतकऱ्याच्या नव्हे, शिक्षकाच्या घरालाही सहज पेलणारा नाही. नोकरीचा आधार होता म्हणून बंदूक खांद्यावर टिकली. पदक मिळताच राज्य शासनाने एक कोटी रुपये जाहीर केले. खाशाबांपासून स्वप्नीलपर्यंत ७२ वर्षांत एवढा फरक पडला, हे मान्य केलेच पाहिजे. पण पैसे पदकानंतर आले. पदकापूर्वीच्या वर्षांत आधार होता तो पगाराचाच.

आण्णांना दिलेले उत्तर

हा सगळा अभ्यास मी एका रविवारी आण्णांपुढे मांडला. बांधावर बसून त्यांनी तो ऐकला. मी म्हणालो, "आण्णा, खेळावर प्वाट भरतं. पण खेळाडूच्या पाठीमागं कोण उभं हाय, त्यावर भरतं. आधी राजा हुता, मग लोकं हुती, आता नोकरी हाय. एकट्या खेळाडूचं एकट्या खेळावर कधीच भरलं न्हाई."

"मग तू काय ठरवलंस?"

मी सांगितले : बी. ए. सोडणार नाही. खेळही सोडणार नाही. पहाटे साडेपाचला मैदान, दहाला वर्ग. खेळाडूंच्या राखीव जागांसाठी रेल्वे आणि पोलीस खात्याच्या जाहिराती निघतात. त्यांत कोणत्या स्पर्धेची प्रमाणपत्रे लागतात ते पाहून त्या स्पर्धा खेळायच्या. तिशीपर्यंत गुडघा साथ देईल असे धरायचे, पण देणारच नाही अशी तयारी ठेवायची.

आण्णा काही बोलले नाहीत. बांधावरून उठून वैरण घेऊन घराकडे निघून गेले. मला वाटले, बोलणे वाया गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी बूट बांधत असताना आईने तांब्याभर निरसे दूध पुढे ठेवले. "आण्णानी काढून ठेवलंय," एवढेच ती म्हणाली. त्या दिवसापासून डेअरीच्या वहीत आमच्या नावावर रोज लिटरभर दूध कमी लागते आहे. आज्जा म्हणतो, याला खुराक म्हणतात आणि खुराक देणाऱ्याचे ऋण कुस्ती हरली तरी फेडावे लागते.

मित्रांनो, लेख संपवण्यापूर्वी दोन शब्द. आपल्यातल्या ज्या कोणाला खेळात जायचे आहे त्याने जरूर जावे. शाहू महाराजांच्या जिल्ह्यात, महाराजांच्या घराण्याच्या गावात, खेळाला कमी लेखणे शोभत नाही. परंतु जाताना मोठ्या खेळाडूंची चित्रे तेवढी भिंतीवर लावू नयेत, त्यांच्या आयुष्याचे हिशेबही वाचावेत. आणि ज्यांना खेळायचे नाही, नुसते पाहायचे आहे, त्यांच्यावरही एक जबाबदारी आहे. मिरवणुकीला शंभर बैलगाड्या जुंपणे सोपे असते. कठीण असते ते खर्डेकर सरांचे काम, म्हणजे पदक मिळण्यापूर्वी एखाद्या खेळाडूवर विश्वास टाकणे आणि गुडघा गेल्यावर त्याच्या दारात जाणे.

आमच्या आज्जाकडे मानाचा नारळ यायचा थांबला त्याला पन्नासच्या आसपास वर्षे झाली. यंदाच्या यात्रेत आमच्या तरुण मंडळाने तो पुन्हा द्यावा, असा ठराव मी मांडला आहे. अजून मंजूर व्हायचा आहे.